स्कॉटलंड, डिंभे धरणमार्गे

२ नोव्हेंबर, सकाळ
ठरलं. पुढच्या जूनमध्ये स्कॉटलंड. भाड्याची गाडी, समुद्राकाठचा अख्खा रस्ता, मी ड्रायव्हिंगला आणि तेजस्विनी शेजारी. ती तिकडंच वृद्धाश्रमात नर्स आहे, म्हणजे निम्मी ट्रिप जमल्यातच जमा. पासपोर्ट काढायचा राहिलाय. तिला विचारायचंही राहिलंय. दोन्ही किरकोळ.

५ नोव्हेंबर
एका ट्रॅव्हल ग्रुपवर तिथल्या लोकांना सल्ला विचारला. मोराग नावाच्या बाईंचं उत्तर आलं. वय झालेल्या आहेत, एकट्याच राहतात. म्हणाल्या, इकडं रस्ता एका गाडीपुरता, मधून मधून बाजूला घ्यायला जागा. ज्याला ती जवळ, त्यानं रिव्हर्स घ्यायचा. समोरच्यानं हात करायचा. चिडायचं नाही.
कळवलं, मी मुळातच शांत आहे. कॉलेज सोडलं ते एका सरांमुळं. धरलेली कॉलर त्यांची होती, पण पहिला शब्दही त्यांचाच होता.

९ नोव्हेंबर
प्रॅक्टिस. मेथीचा पिकअप घेऊन कालव्याच्या रस्त्याला गेलो. समोरून गेणभाऊंचा ट्रॅक्टर. शिस्तीत रिव्हर्स घेतला. हात करायचं सोडून म्हणतात, "काय रं, भ्यालास व्हय? बापानं गाडी दिली, काळीज न्हाई दिलं?"
मग उतरावंच लागलं. बराच वेळ रस्ता बंद. मेथी कोमेजली.
गेणभाऊंना स्कॉटलंड जमणार नाही.

१६ नोव्हेंबर
गोरखला प्लॅन दाखवला. गोरख म्हणजे मित्र, भाड्यानं गाडी चालवतो. "लई भारी राव," म्हणाला. "तिला म्हाईत हाय का?" म्हटलं, सरप्राइज आहे. "तिला का तुला?"
त्याच्याशी बोलणं बंद. म्हणजे सगळ्यांशीच बंद झालं. मोरागबाई सोडून.

२३ नोव्हेंबर
मोरागबाईंनी विचारलं, तेजस्विनीला काय आवडतं? किल्ले, पक्षी, का नुसतं चालणं?
खूप आठवून पाहिलं. चहात साखर कमी घेते. एक लाल स्वेटर होता. कॉलेजच्या कँटीनमध्ये तिच्यासाठी भांडलो तेव्हा म्हणाली होती, "तुला कुणी सांगितलं होतं?"
कळवलं : किल्ले.

१४ डिसेंबर
तेजस्विनी सुट्टीला येतेय! तिचे वडील भिमाजीकाका स्वतः घरी आले. "सुदर्शन, एअरपोर्टला येशील का? गोरखची गाडी हाय, पण त्याला ताप भरलाय."
गोरख तासाभरापूर्वी क्रिकेट खेळत होता. असो. थंडीत ताप अचानक येतो.

१७ डिसेंबर
एअरपोर्टवरून येताना मंचरहून सरळ गावी, महाळुंग्याला, न आणता डिंभे धरणाकडून वळसा घेतला. डोंगर, पाणी, वळणं. म्हटलं, तिला थोडी झलक दाखवावी. भिमाजीकाका शेजारी बसलेले. "इकडं कुठं रं?" म्हटलं, नेहमीच्या रस्त्याचं काम चालू आहे.
आरशात पाहिलं. मागं तिनं डोळे मिटलेले. भारावलेली दिसली. वळणं आणखी सफाईदार घेतली.
"सुदर्शन, थांबव," म्हणाली. थांबवेपर्यंत सीटवर झालंच.
भिमाजीकाका म्हणाले, "तिला ल्हानपणापासून गाडी लागती. साऱ्या गावाला म्हाईत हाय."
तोंड धुऊन ती कठड्यावर बसली. सॉरी म्हणाली. तिकडं फिरलीस का, विचारलं. म्हणाली, कुठलं रे, ड्यूटी आणि झोप. मग म्हणाली, "तू काय करतोस सध्या?" म्हटलं, जूनमध्ये फॉरेन ट्रिप आहे.
"अरे वा. कुणाबरोबर?"
म्हटलं, ग्रुप आहे.
"मजा कर," म्हणाली.
नंतर पुढं बसली, माझ्या शेजारी. महाळुंग्यापर्यंत. डोळे मिटून, तोंडाशी पिशवी धरून. मी एकही खड्डा लागू दिला नाही.

१८ डिसेंबर
गोरखची गाडी धुतली. तो नाक धरून म्हणाला, "कोण ओकलं?"
म्हटलं, मी.
संध्याकाळपर्यंत चौकात पसरलं. स्कॉटलंडला निघालेलं डिंभ्याला ओकलं. मी तिथंच उभा होतो, तरी सांगत होते. गेणभाऊंनी टपरीवरचं एक लिंबू उचलून माझ्या हातात दिलं. "ठिवा पावणं, इमानात लागंल."
भांडलो नाही. लिंबू खिशात ठेवलं.