एक त्रयस्थ पालक

१२ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मुद्दाम कागदावर लिहिते आहे. फोनवर आलेलं तुम्ही वाचायच्या आधीच पुढे पाठवता.

माझ्या तासाचा तो तुकडा तुम्ही पाहिलात, हे कळलं. गैरहजर मुलांसाठी शाळा आमचे तास रेकॉर्ड करते. त्या दिवशी मी घाईत फळ्यावर लिहिलं की किंमत दहा टक्क्यांनी वाढवून मग दहा टक्क्यांनी घटवली, तर ती पहिल्याइतकीच होते. होत नाही, थोडी कमी होते. लगेच एका मुलीनं हात वर करून ते सांगितलं आणि मी फळा पुसला. कुणा पालकानं पुसण्याआधीचा भाग तेवढा कापून इंटरनेटवर टाकला. आता माझं नाव शोधलं की पहिलं तेच दिसतं. पुढच्या महिन्यात मला कायम करायचं की नाही, हे ठरवणारी मुलाखत आहे आणि समिती आधी नाव शोधते.

हे माझं मी निस्तरलं असतं. पण त्या तुकड्याखाली एकाएकी माझी स्तुती सुरू झाली. काल मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून विचारलं, की मी लहानपणी खडू खात असे हे ‘एक त्रयस्थ पालक’ यांना कसं ठाऊक? आणि ‘जागरूक नागरिक’ माझा उल्लेख आमची पोर असा का करतात? समितीला वाटेल की हे मीच लिहून घेतलं.

कृपा करून सगळं काढा. मामींना नमस्कार. लोभ असाच ठेवा, फक्त चारचौघांत नको.

तुमची,
भाची

१७ जानेवारी

चि. मास्तरीणबाईंस,
अ. उ. आ.

जागरूक नागरिक तुझी मामी आहे. मी तिला बजावलं होतं की पोर म्हणू नकोस. खडूचं मात्र माझंच. तुझी गणिताची ओढ जुनी आहे, एवढंच सांगायचं होतं.

सगळं काढलं. त्रयस्थ पालकाचा पासवर्ड सापडेना, तेव्हा शेजारच्या फोनवाल्याकडे गेलो. तो हसला, पण काम केलं.

मी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पाटीवर कुणी चिखल उडवला तर वरून रंगाचा हात मारायचा, एवढंच मला येतं. म्हणून सांगतो, तो तुकडा काढून टाकण्यासाठी अर्ज कर. गप्प बसलीस तर लोक तेच खरं धरतील. आणि खरं सांगू, मला तर ती किंमत अजूनही पहिल्याइतकीच वाटते.

जेवत जा. रागावली असशील तर तसं कळव, म्हणजे काळजी मिटेल.

मामा

२५ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

रागावले नाही. शंभराचे एकशेदहा झाले, आता एकशेदहाचे दहा टक्के म्हणजे अकरा. ते वजा करून बघा.

अर्ज केला नाही. तुकडा खोटा नाही, अर्धा आहे. मुख्याध्यापिकाबाईंच्या परवानगीनं मी सबंध तास टाकला. कॅमेरा मागच्या भिंतीवर असल्यामुळे मुलांचे चेहरे दिसत नाहीत. त्या तुकड्याखाली स्वतःच्या नावानं लिहिलं की हो, मी चुकले होते, वर्गानं सुधारलं, पुढचा भाग इथे आहे. त्या पालकांना मी ओळखते, पण त्यांच्याविषयी अवाक्षर लिहिलं नाही. त्यांची मुलगी माझ्या वर्गात आहे.

पण सबंध तास कोण बघतं?

आशीर्वाद पोस्टानंच पाठवा.

तुमची,
भाची

२ फेब्रुवारी

चि. मास्तरीणबाईंस,
अ. उ. आ.

आम्ही दोघांनी बघितला. नव्व्याण्णव येतात! मामी म्हणते, तिला आधीच ठाऊक होतं. माझा विश्वास नाही.

त्या मुलीनं हात वर केल्यावर तू कपाळाला आठी घातली नाहीस. तिलाच खडू दिलास. पाटीत चूक काढणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती मी कधी ब्रश दिला नाही. बाकी काय लिहू? काहीही निकाल लागला तरी इकडे ये.

मामा

१९ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

कायम झाले. मामींना आधी सांगा.

समितीतल्या एका वयस्क बाईंनी सबंध तास पाहिला होता. चूक कळल्यावर काय वाटलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी कान तापले, मग बरं वाटलं, की कुणीतरी खरोखर फळ्याकडे बघत होतं. त्यांनी काही लिहून घेतलं आणि चहा मागवला.

तो तुकडा अजून तिथेच आहे. नाव शोधलं की दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. आणि वर्ग आता माझ्या प्रत्येक ओळीकडे संशयानं बघतो. मी खडू टेकवायच्या आत पाठीमागे हिशेब सुरू झालेला असतो. असा वर्ग मला कधी मिळाला नव्हता.

रविवारी येते. माझ्यावरची माया तेव्हा समक्षच दाखवा.

तुमची,
भाची