उभ्याने घेतलेलं माप

धाकटीच्या आईस आशीर्वाद. माझा खोकला कमी आहे. तू गुडघ्याला तेल लावतेस ना?

धाकटीने मोटरसायकलवर घालायचं जाड जॅकेट ऑनलाइन मागवलं. माप मीच घेतलं. जन्मभर शिवणकाम केलेल्या माणसाने दुसऱ्याला कशाला विचारायचं? जॅकेट आलं, अंगात झकास बसलं. पण ती गाडीवर बसली आणि पडल्यावर कोपर वाचवायला बाहीत असते ती गादी दंडावर सरकली. सदऱ्याचं घेतात तसं मी तिला ताठ उभं करून माप घेतलं होतं. पडली असती तर काय झालं असतं, हे मनातून जात नाही.

ते परत पाठवून आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने तिला दुसरं जॅकेट घालायला देऊन तिथल्या गाडीवर बसवलं. मी कोपर चाचपत राहिलो, तर म्हणतो, "काका, नाडी लागली का?"

धाकटी म्हणाली, "चाचपू द्या हो, आईला कळवायचंय त्यांना."

गादी जागची हलली नाही. हेल्मेटही तिथूनच घेतलं, घट्ट आहे.

रविवारी तिला मैत्रिणींबरोबर गाडीवरून डोंगरावर जायचंय. तू नको म्हणालीस म्हणून थांबली आहे. आता भिण्यासारखं काही नाही. फोन करून तिला जा म्हण. तू म्हटलंस की मीही म्हणेन.

तुझा,
धाकटीचा बाबा