बंद मशीनचा आवाज

आबा, शेडमधल्या लेथची किंमत तुम्ही विचारली असती तर मी पावती दाखवली नसती, कारण पावती अर्धंच बोलते. मोटारसायकल जिथं उभी राहायची ती जागा गेली, गाडी आता पावसात भिजते. तुमच्या सुनेची कपडे वाळत घालायची दोरी गेली. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख गेलं, परत आलं ते वाकडं आलं. आणि आम्हा दोघांचा दुपारचा चहा गेला, कारण ती हाक मारते म्हणे, आणि मी आत जातो तेव्हा कपावर साय धरलेली असते. एवढं सगळं देऊन मला टेबलावर मावणारी, एकट्या माणसाला कशीबशी उचलता येणारी, धातू फिरवून कातणारी लेथ मिळाली. तुमची कारखान्यातली लेथ बघितलेला माणूस हिला खेळणंच म्हणेल. तिच्यावर तुम्ही ऊस चिरडणारे रोलर चढवत होता. हिच्यावर मी पितळेचे भोवरे काढतो.

हौस आहे, दुसरं काय. पोटाचा प्रश्न कधीच सुटला. साताऱ्यात पंपदुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा माझ्याजवळ चार पाने आणि हे कान, एवढंच भांडवल होतं. पण कान कसे, तर आटपाडीपासून मेढ्यापर्यंत कुणालाही विचारा. शेतकरी विहिरीवरून फोन लावायचा, फोन पंपापाशी धरायचा, आणि मी इथं गल्ल्यावर बसून सांगायचो, ‘बेअरिंग गेलंय, अजून चालवू नका.’ मोटार उघडली की तेच निघायचं. मी तर दुकानाच्या पाटीवर एक भलामोठा कानच रंगवून घेतला होता. लोक हसायचे, पण पत्ता विचारताना ‘कानवालं दुकान’ म्हणायचे. दुकान आता मुलगा बघतो. पाटी त्यानं बदलली, पण कान तसाच ठेवलाय.

तर ही लेथ. नवी आणली तेव्हा आत प्लास्टिकचे गिअर, सरकपट्ट्या ढिल्या, कट घेतला की सळईवर लाटा उठायच्या. मी म्हटलं, हिला माणसात आणू. गिअर लोखंडी बसवले, पट्ट्या घासून घासून नेमक्या केल्या, बूड हलत होतं म्हणून खाली जाड पोलादी पाट टाकला. महिनाभरात अशी सुधारली की कट घेताना लोखंडाचा कीस केसासारखा सुटायला लागला. तुम्ही बघितला असता तर बोटावर गुंडाळला असता. आणि मग तो आवाज सुरू झाला. बारीक, कुठंतरी आत, रातकिडा अडकल्यासारखा. मी ओळखला, बेअरिंग. बेअरिंगं बदलली. आवाज आहेच. पट्टा बदलला. आहेच. मोटार बदलली, वेग कमीजास्त करायचं यंत्र नवं बसवलं, त्याची तार वेगळी ओढली. आहे तो आहेच. शेवटी सांगलीहून मशीनवाल्याला बोलावला. त्यानं कान लावला, बराच वेळ लावला, आणि म्हणाला, “काका, लोण्यावानी चाललंय की! आवाज कुठला काढलाय तुमी?” मी तुमच्या सुनेला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली, म्हणाली, “आवं, मला तर कायबी ऐकू येत न्हाई. आन तुमी घरात तो टीव्ही जरा बारीक करत जावा, कोरेगावला ऐकू जातोय.” मशीनवाला हसला, मीही हसलो. मनात म्हटलं, यांना कान कुठं आहेत. तो गेल्यावर मी बेअरिंगं बसवलेला हेडस्टॉक पुन्हा उघडला.

उसाचा हंगाम संपल्यानंतरचा तो दिवस आठवतो. कारखान्याचं धुराडं गार पडलंय, सगळीकडं दुरुस्तीची कामं, मी तुमच्याच वर्कशॉपमध्ये नुकता हेल्पर म्हणून लागलोय आणि अंगात मस्ती आहे. चार माणसांत मी ओरडलो, “आबा, लेथ थांबवा, बेअरिंग वरडतंय!” तुम्ही माझ्याकडं बघितलं, हत्यार मागं घेतलं आणि लेथ बंद केली. तुकडा पकडून फिरणारा चक थांबला. आवाज चालूच. पलीकडून लोहारकामाचा मिस्त्री म्हणाला, “आरं गड्या, बापाची लेथ न्हवं, माजा पंखा वरडतोय भट्टीचा!” सगळं वर्कशॉप हसलं. तुम्ही नाही हसलात. “आदी बंद मशीन ऐकायचं,” म्हणालात, “मग चालू. कान हाईत म्हणून गाजवू नगंस.” संध्याकाळी सायकलवर बसताना तुम्ही तुमचा लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात ठेवला. त्याचं टोक हेडस्टॉकला लावून सगळे मूठ कानाला धरायचे, तुम्ही मात्र दातात धरायचात. मुठीवर तुमच्या दातांच्या खुणा अजून आहेत. मला ती तुमची लकब वाटायची. मी मूठ कानालाच लावत आलो.

तुमचं ते वाक्य मी गिऱ्हाइकांना शंभरदा ऐकवलं असेल, पण माझ्या शेडमध्ये पाळलं नाही. दुसरं मशीनच नाही, मग बंद करून ऐकायचं काय? शिवाय लेथ थांबली की मी रेडिओ लावतो. परवा भर दुपारी लाइट गेली. लेथ थांबली, रेडिओ थांबला, शेजारची पिठाची गिरणी थांबली. चक हातानं फिरवून सोडला, तोही थांबला. आणि तो रातकिडा तिथंच, तसाच. मी शेडच्या बाहेर आलो, तो बरोबर आला. दोन्ही कान दाबले, तर जवळ आला. परत आत जाऊन मी बसलो, समोर पुसलेली, तेल दिलेली लेथ. तिच्यात बदलायला आता काही उरलेलं नाही, आणि जे बदलायला हवं त्याचा पार्ट कुठं मिळत नाही.

आबा, तुम्हालाही येत होता का हो हा आवाज? कानाला नीट कळेना म्हणून मूठ दातात धरायचात का, हाडातून कळावं म्हणून? आई तुमच्याशी मोठ्यानं बोलायची, आम्हाला वाटायचं सारखी भांडते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तुम्ही कारखान्यातल्या लेथवर तळहात ठेवून बसायचात. आम्ही लोकांना कौतुकानं सांगायचो, आबांना आता हातानंच कळतं. कुणी एकदा तुमच्याजवळ बसून विचारलं नाही. आता मला विचारायचंय, आणि ज्याला माहीत होतं तो माणूस नाही. डॉक्टरकडं जाईन, तो काय सांगेल ते सांगेल. पण पाटीवर कान रंगवलेल्या माणसानं त्याच्या दारात कुठल्या तोंडानं बसायचं, तेवढं तुम्ही सांगितलं असतं.

स्क्रूड्रायव्हर त्या दुपारी मी पहिल्यांदा दातात धरला, बंद लेथला टोक लावून. काहीच कळलं नाही. हा कागद लेथच्या खणात, पान्यांच्या खाली जाईल. तुमच्या सुनेला यातलं काही सांगितलेलं नाही. त्या दुपारी तिनं मागून खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी दचकलो. “कवाधरनं हाका मारतीया,” ती म्हणाली, “च्या निवला.” हाका तिनं शेडच्या दारातूनच मारल्या होत्या. लाइट अजून आली नव्हती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं, आणि मला तिची एकही हाक ऐकू आली नव्हती.