तळाचं पाणी

२ मार्च

प्रिय धाकट्या,

कसा आहेस? इकडे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकतंय कोण. निवृत्त झाल्यापासून तुझे भावोजी रोज स्वयंपाक करतात आणि ‘कसं झालंय?’ म्हणून तोंडाकडे बघत बसतात. खोटं बोलायची मला सवय आहेच.

परवा तळ्याचं समुद्राकडचं तोंड उघडलं. सहा वर्षांनी. समुद्राने वाळू लोटून ते बुजवलं होतं आणि पाणी तुंबून खालच्या गल्लीतल्या पायऱ्यांना लागलं होतं. “बाई, आता तरी खणा,” म्हणून लोकांनी तळ्याच्या ऑफिसात येऊन माझं डोकं खाल्लं. मी महिनाभर दाद दिली नाही. रोज होडीतून जायचं, बाटली थेट तळापर्यंत सोडायची, पाणी तपासायचं. वाऱ्याने तळं ढवळलं, तळाशी प्राणवायू पोचला, तेव्हाच खणायचं मशीन लावलं.

हो, तळापर्यंत. हसू नकोस.

सहा वर्षांपूर्वी, मागच्या खेपेला, तू काठी तळात खुपसून माझ्या नाकाशी धरली होतीस. “ताई, वास घे. आत्ता तोंड फोडलंस तर वरचं चांगलं पाणी समुद्रात जाईल, माशांना हे कुजकं उरेल.” मी म्हटलं, “मला शिकवू नकोस, माझ्याकडे आकडे आहेत.” आकडे वरच्या हातभर पाण्याचे होते. शिवाय मशीनवर तुलाच बसवलं. तिसऱ्या दिवशी काठावर मेलेल्या माशांचा खच पडला. तू वेड्यासारखं खोल खणलंस, असं लोक खाली ओरडत होते आणि मी ऑफिसच्या खिडकीत उभी राहून ऐकत होते. खाली उतरले नाही. आठवड्याने तू गाव सोडलंस.

नंतर तुला किती पत्रं लिहिली, पण हे कधी लिहिलं नाही.

काल गावाच्या सभेत सांगितलं. खणायला मी लावलं, माझ्या भावाने अडवलं होतं, चूक माझी.  मग जाळी विणणारे काका म्हणाले, “आम्हाला सांगून काय उपयोग? त्याला सांगितलंस का?”

माझं चुकलं रे.

आज भरतीबरोबर माशांची बोटाएवढी पिल्लं आत आली. तुझी काठी मी टाकलेली नाही. महिनाभर रोज आधी काठी हुंगली, मग बाटली सोडली. पण तुझ्यासारखं नाक मला नाही.

तू येशील त्या दिवशी मी खिडकीत नसेन. खाली रस्त्यावर, सगळ्यांसमोर उभी असेन.

तुझी,
ताई