आबांच्या पिस्तुलाची पारख

मु. रनाळे, ता. नंदुरबार
९ जानेवारी १९३४

ती. मगनदादांस,
धाकट्या दगूचा शि. सा. न. वि. वि. इकडे सर्व क्षेम. मिरची वाळत घातली आहे, घरभर तिचा तिखट खकाणा सुटलाय आणि आबा शिंकून शिंकून मिरचीलाच शिव्या देतात. वहिनींचा खोकला कसा आहे ते कळवावे.

पत्रास कारण आबांचं पिस्तूल. नंदुरबारला रेल्वेचा एक गोरा इंजिनिअर आला आहे, त्याला जुनी हत्यारं जमवायचा नाद आहे. कोणीतरी आबांचं नाव सांगितलं तर साहेब घोड्यावरून थेट आपल्या ओट्यावर आला. पिस्तूल खूप वेळ उलटसुलट पाहिलं आणि किंमत विचारली. आबा म्हणाले, विकाऊ नाही. पण तेव्हापासून त्यांना चैन नाही. माझा मगन नगरच्या छावणीत शस्त्रागारात मिस्त्री आहे, तो याची खरी किंमत सांगेल, असं साऱ्या गावाला सांगून बसले आहेत. विकायचं नाही, नुसतं ऐकायचं आहे.

म्हणून नीट पाहून लिहिते. उजव्या बाजूला मुकुट, खाली इंग्रजी अक्षरं आणि १८८४ साल. नळी खाली वाकवली की गोळ्यांचं चाक सरळ पुढे सरकतं. बाणासारखी दोन चिन्हं आहेत, टोकाला टोक लावलेली. मागचा घोडा चाप ओढल्यावर ज्या टोकानं आपटतो, तिथे बोट फिरवलं तर अंगठ्याच्या नखासारखा गुळगुळीत लागतो. कागद ठेवून पेन्सिल घासली आहे, तो सोबत.

वायव्य सरहद्दीवर तिराहच्या लढाईत आबा खेचरं हाकत होते, जखमी कप्तानाला खेचरावर घालून त्यांनी खिंडीतून खाली आणलं आणि साहेबानं हे बक्षीस दिलं, ही गोष्ट तुम्हाला पाठच आहे. साहेबानं दिलेली सहा काडतुसं आबांनी कधी वापरली नाहीत, वेळेला लागतील म्हणून डबीत ठेवली आहेत. दरोडेखोर वेशीपर्यंत आले होते त्या साली आबा हे रोखून एकटे उभे राहिले आणि ते परत फिरले. तेव्हापासून गाव त्यांना जमादार म्हणतं आणि जमादार आहेत म्हणून निर्धास्त झोपतं. उत्तर लवकर द्यावं.

बहिणीवरची माया कमी होऊ देऊ नये.
आपली दगू


छावणी, अहमदनगर
२० जानेवारी १९३४

चि. सौ. दगूस,
मगनदादाचे अनेक आशीर्वाद. वहिनीचा खोकला बरा आहे. तू लिहिलंस ते वाचून तुला खात्यात भरती करून घ्यावी असं वाटलं! घासलेला कागद तर फारच कामाचा.

हे एनफिल्डचं जुनं लष्करी रिव्हॉल्व्हर, दुसऱ्या नमुन्याचं. चाक पुढे सरकायची ती तऱ्हा दुसऱ्या कशात नाही. थोडीच वर्षं बनलं, मग फौजेनं सोडून दिलं, म्हणून आता दुर्मिळ. आमच्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, जमवणारा शौकीन असेल तर एका चांगल्या बैलजोडीइतकी किंमत सहज देईल.

आता दुसरी गोष्ट. टोकाला टोक लावलेले बाण म्हणजे सरकारनं ते हत्यार खात्यातून काढून टाकलं. आणि घोडा गुळगुळीत आहे, कारण काडतुसावर आपटणारी त्याची चोच कानशीनं घासून टाकली आहे. दगू, आबांचं पिस्तूल मुकं आहे. बक्षीस मिळालं त्या दिवसापासून मुकं. खेचरवाल्याच्या हाती चालतं हत्यार कोण देतो? इथे मी ही हकिगत सांगितली तर सगळे पोट धरून हसले. छत्तीस वर्षं गावाची राखण लोखंडाच्या ठोकळ्यानं! दरोडेखोर पळाले ते आबांच्या मिशांना भिऊन, असं आमचा हवालदार म्हणाला, आणि मलाही हसू आवरेना.

आबांना यातलं काही कळू देऊ नकोस. किंमत तेवढी सांग, म्हातारा खूश होईल.

लोभ आहेच, तो तसाच राहो.
मगन


रनाळे
२ फेब्रुवारी १९३४

मगनदादा,
नमस्कार. आज एकेरी लिहिते, राग आहे म्हणून.

मी नणंदेच्या बाळंतपणाला लोणखेड्याला गेले होते. तुझं पत्र माझ्या नावानं आलं, पण आबांना माझी वाट पाहवेना. पोस्टमनच्या हातून घेतलं आणि तसेच चावडीवर गेले. किंमत सगळ्यांनी ऐकावी अशी त्यांची हौस. दुकानदार रतिलालला वाचायला बसवलं. पुढचं मला रतिलालनंच सांगितलं, सांगताना त्याची मान वर होत नव्हती.

बैलजोडीपर्यंत आबा एकेकाकडे बघत होते. पुढे आल्यावर रतिलाल अडखळला, म्हणाला, जमादार, बाकी घरचं दिसतं, राहू द्या. आबा म्हणाले, मन्हा पोऱ्यानी लिखेल शे, पूरं वाच. त्यानं पूरं वाचलं. हसलात ते वाचलं, मिशांचं वाचलं, आबांना कळू देऊ नकोस हेही वाचलं. पाठीमागून कोणीतरी फिसकन हसलं. आबांनी एवढंच विचारलं, कप्तान साहेबले ठाऊक व्हतं का रे?

मी आले तेव्हा खुंटीवर पिस्तूल नव्हतं. धान्याच्या कणगीमागे चिंध्यांत गुंडाळून ठेवलं आहे. आबा ओट्यावर बसत नाहीत, दाढी करत नाहीत. कोणी जमादार म्हणून हाक मारली तर ओ देत नाहीत. मी काही विचारलं तर म्हणतात, त्या राती गोळी सुटईच, अशी मन्हा मनमा खात्री व्हती, बेटा. खात्री व्हती म्हनीसन उभा ऱ्हायनू.

तू पारख बरोबर केली असशील. पण हसायला तुला नगरची माणसं कशाला लागली?

तरीही तुझीच,
दगू


अहमदनगर
९ फेब्रुवारी १९३४

चि. सौ. दगूस,
आशीर्वाद लिहायलाही आज हात धजत नाही.

तुझं पत्र घेऊन मी शस्त्रागारामागे जाऊन बसलो. हवालदार येऊन विचारून गेला, जमादारसाहेबांची काय खबर? त्याला वाटलं मी पुन्हा काही गंमत सांगेन. ती वाट मीच त्याला दाखवली होती. बापाची अब्रू मी चार माणसांत वाटली आणि त्या बदल्यात मला काय मिळालं, तर ते मला हुशार म्हणाले. दगू, मला इथे कोणाच्या नजरेला नजर देववत नाही, आणि रनाळ्याला तर पाऊल टाकायची हिंमत नाही.

सोबत दुसरा कागद ठेवला आहे. त्यात लिहिलं आहे की माझी चूक झाली, खुणा मी उलट्या वाचल्या, पिस्तूल चांगलं चालतं आहे. तो रतिलालकडून चावडीवर वाचून घे. खोटं आहे, पण माझी अक्कल गेली असं गावाला वाटू दे, आबांना परत ओट्यावर बसता येईल.

मला क्षमा कर असं म्हणत नाही. आबांचं जेवणखाण सांभाळ.
मगन


रनाळे
२४ फेब्रुवारी १९३४

चि. मगनास,
आबांचे अनेक आशीर्वाद. मी सांगतो आहे, दगू लिहिते आहे.

तुझा दुसरा कागद दगूनं आधी मला वाचून दाखवला. पोरगी शहाणी आहे. मी तो चुलीत घातला. पुन्हा गाव माझ्या भरवशावर झोपलं असतं आणि दरोडा पडला असता, तर माझ्या हातात काय असतं?

मी दाढी करून चावडीवर गेलो. सगळे होते, तो हसणाराही होता. मी सांगितलं, मगननं लिहिलं ते खरं आहे, या हत्यारातून गोळी सुटायची नाही, कधी सुटलीही नसती. आजपासून जमादार म्हणू नका, आणि माझ्यावर विसंबू नका. घरटी एक माणूस पाळीपाळीनं गस्तीला निघू द्या. मग रतिलाल म्हणाला, पहिली पाळी कोणाची? मी म्हटलं, माझी. तो हसणारा उठला आणि म्हणाला, मी येतो तुमच्याबरोबर. आता गस्त चालू आहे. माझ्या हातात काठी असते.

पिस्तूल त्या रेल्वेच्या साहेबाला दिलं. देण्याआधी सांगितलं की हे मुकं आहे. तो म्हणाला, पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मग बोलला का नाहीस, विचारलं, तर म्हणाला, तुमच्या ओट्यावर बसून ते सांगवलं नाही. आलेल्या पैशांतून गस्तीसाठी कंदील घेतले. उरले ते दगूकडे आहेत.

कप्तानाला ठाऊक होतं की नव्हतं, ते आता कोणाला विचारू? खिंडीतून त्याला आणलं ते खरं होतं. तेवढं मी धरून ठेवलं आहे.

मगन, पारख तू चोख केलीस. त्याचा मला राग नाही. तू हसलास त्याचं मात्र दुखतं, आणि ते दुखणं जायला वेळ लागेल. म्हणून ये लवकर. सुट्टी मिळव आणि ये. मान खाली घालून आलास तरी चालेल, मीही तशीच घालून गेलो होतो. रनाळ्याचा आहेस, एक पाळी तुझीही लागेल.

(दादा, पुढची ओळ आबांनी जशी सांगितली तशीच लिहिते. बदलू दिली नाही. — दगू)

आते मन्हाबद्दल काही लिखनं व्हई तं दगूना आडथून नको, मन्हा नाववर लिख.

तुझा बाप