श्रीचं पान

धारवाड
१६ डिसेंबर २०२५

चि. वेदश्रीस काकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे क्षेम. थंडी बेताची आहे, काकूचा गुडघा कुरकुरतो, आणि ती ब्याडगी मिरच्या भाजते आहे. अक्षर कुठे फुटलेलं दिसलं तर दोष मिरचीचा. दोष दुसऱ्यावर टाकायची मला आता सवय झाली आहे.

तुझ्या प्रोग्रामचं कौतुक करायचं राहिलं. एक्सेलला कुणी हात न लावता तो बाहेरूनच आत शिरतो, स्पर्धेतल्या प्रत्येक मुलाच्या शीटवरचे गुण उचलतो आणि प्रमाणपत्रावर बसवतो. परकायाप्रवेश मी पोथीत वाचला होता, घरच्या पोरीने करून दाखवला.

"काका, शीट्सचा क्रम हलवू नका, तो नाव बघत नाही, कितवं शीट ते बघतो," असं तू बजावलं होतंस. मी हलवला नाही. फक्त सर्वांत पुढे एक नवं शीट घातलं आणि त्यावर ‘श्री’ लिहिलं. मंगलाचरणाला पान म्हणून कोण मोजतं? तुझ्या प्रोग्रामने मोजलं. प्रत्येकाला आधीच्याचे गुण गेले. पहिल्या मुलाच्या गुणांची जागा तर कोरी आली. ती मी पेनाने भरली.

दुसऱ्याच्या गुणांवर पहिली ठरलेल्या सावनीच्या गळ्यातलं पदक समारंभात व्यासपीठावरच काढावं लागलं, तेव्हा मी माइकवर म्हणालो, "आमच्या पुतणीचा पोरखेळ." सगळे हसले. तू मान खाली घालून वायर गुंडाळत राहिलीस.

समोर हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातले गणपतराव होते. त्यांच्या कापडदुकानाचं काम तुझ्या नव्या धंद्यातलं पहिलं ठरणार होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तुला नकार कळवला. मला म्हणाले, "आचार्यच पोरखेळ म्हणतात, मग मी दुकान कसं सोपवू?" मी नुसता हं म्हणालो.

काल ते शीट काढून प्रोग्राम चालवला. एकही चूक नाही. पुन्हा चालवला, एखादी तरी निघेल या आशेने.

समारंभानंतर तू फाइल बघायला मागितलीस आणि मी "आता पुरे" म्हणालो. वेदे, ती कोरी जागा मला तेव्हाच आठवली होती, आणि माझं ‘श्री’चं पानही.

आता हुबळीची बस धरतो. हे पत्र गणपतरावांच्या गादीवर बसून मोठ्याने वाचीन, मग सावनीच्या घरी, आणि नंतरच पेटीत टाकीन. धीर झाला नाही तर ते माझ्याबरोबर परत येईल. तुला मिळालं, तर मी ते दोन्हीकडे वाचलं असं समज. काम ते देतील की नाही, मला ठाऊक नाही.

पत्राच्या माथ्यावर श्री लिहायला आज हात धजला नाही.

वर लिहिलेले आशीर्वाद घ्यावेसे वाटले, तरच

तुझा काका
बाळाचार्य