नाव न पोचवणारा कर्णा

लाडक्या आईस,

आम्ही मजेत आहोत, काळजी नको. बटाटे छान आलेत. ब्रातिस्लाव्हा शहर इतकं जवळ, की मक्याच्या शेतात दर महिन्याला नवी गल्ली उगवते; आमचीही त्यातलीच.

फक्त ग्रामपंचायतीचा कर्णा इथल्या जुन्या गावठाणातच राहिलाय. कोणी वारलं की त्यावर आधी लागणारं दुःखाचं गाणं वाऱ्यावर इथवर येतं, मागून पुकारलेलं नाव मात्र येत नाही. मी ओल्या हातांनीच अंगणात धावते. तुझा जावई रादोवान हसतो, "अगं, इथे तू ओळखतेस तरी कोणाला?"

खरंय. पण आपल्याकडे गाणं लागलं की सगळे चमचे खाली ठेवून नावासाठी थांबायचो ना?

बाबांचा खोकला गेला म्हणतेस. मग या वेळी तुझ्या पत्राखाली त्यांचं नाव का नाही?

कानांत प्राण आणून बसलेली,
तुझी झेल्मिरा